जुन्या पीसीवर घरचं रेकॉर्डिंग : काय बदलावं, काय तसंच ठेवावं? (मुक्काम इंदूर)

मध्यलय

नमस्कार मंडळी. घरी गाणं रेकॉर्ड करण्यासाठी जुना असेंबल्ड पीसी सुधारायचा आहे. तपशील असा:

आय-फाइव्ह ४५७० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी, ५०० जीबीची ७२०० आरपीएम हार्ड डिस्क, एक जुनं ग्राफिक्स कार्ड, विंडोज १०. नेट यूएसबी वायफाय डोंगलवर. ऑडिओ इंटरफेस (माइक पीसीला जोडणारं यंत्र) १६ बिटांचा आहे, त्याला स्वतःचा आसियो ड्रायव्हर (आवाज कमीत कमी उशिराने आत-बाहेर नेणारा) नाही, म्हणून आसियो-फॉर-ऑल. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर.

काम भजनं आणि भावगीतांचं. गळा, पेटी, तबला प्रत्यक्ष. तानपुरा, बासरी आणि व्हायोलिनचा ताफा सॅम्पलमधून, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या फाइलींतून. एका गाण्याचे १२ ते १४ ट्रॅक होतात. बफर (पीसी एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) २५६ वर ठेवला की तडतड, १०२४ वर नेला की गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू येतो. दुकानदार म्हणतो, बोर्ड-प्रोसेसर-रॅम सगळंच बदला. गणपतीच्या आधी काम सुरू व्हायला हवंय आणि सगळं नवं घेण्याइतकी तयारी नाही. आधी कशाला हात घालू?

खटपट्या

काहीही विकत घेण्याआधी अर्धा तास मोजण्यात घाला. तडतडीची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा.

रीपरमध्ये व्ह्यू मेनूतून परफॉर्मन्स मीटर उघडा आणि सगळ्यात जड गाणं वाजवा. तिथे एकूण सीपीयू आणि आरटी (रिअल टाइम) सीपीयू असे दोन आकडे दिसतील. बहुतेक जण पहिलाच बघतात, पण कामाचा दुसरा. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पलचा (इथे सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक मोजमाप, सेकंदाला ४८,०००) बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद, तेवढ्या वेळात पुढचा तुकडा तयार झाला पाहिजे. त्यातला किती टक्के वेळ खर्च झाला ते आरटी सांगतो. एकूण सीपीयू ३५ टक्क्यांवर आणि आरटी ९० वर, असं सर्रास दिसतं, कारण एका ट्रॅकवरची प्लगइनची (आवाज घडवणाऱ्या जोड-प्रोग्रामची) माळ एका वेळी एकाच कोरवर चालते. आरटी सतत ८० च्या वर असेल तरच प्रोसेसर कमी पडतोय असं म्हणा.

मग लेटन्सीमॉन (कुठला ड्रायव्हर अडथळा आणतो ते मोजणारा प्रोग्राम) उतरवून घ्या. गाणं वाजत ठेवून तो किमान दहा मिनिटं चालवा. दोन गोष्टी बघायच्या: हार्ड पेजफॉल्ट किती झाले, आणि सगळ्यात जास्त डीपीसी वेळ (ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो तो वेळ) कुठल्या ड्रायव्हरचा आहे. ढोबळमानाने ५०० मायक्रोसेकंदांच्या आत असेल तर निर्धास्त, १००० च्या वर गेला तर तो ड्रायव्हर आडवा येतोय. आकडे इथे टाका.

मध्यलय

एकूण सीपीयू ३० च्या आसपास. आरटी ४० ते ५५. हार्ड पेजफॉल्ट हजारोंनी. सगळ्यात जास्त डीपीसी वेळ एनडीआयएस नावाच्या फाइलचा, १९०० मायक्रोसेकंद. टास्क मॅनेजरमध्ये ४ पैकी ३.७ जीबी रॅम भरलेली.

खटपट्या

मग प्रोसेसरचा यात काही दोष नाही. बोर्ड बदलायचा विचार तूर्त सोडून द्या.

एनडीआयएस म्हणजे नेटवर्क. तुमचं वायफाय डोंगल. रेकॉर्डिंगच्या वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन ते डिसेबल करा, नुसतं नेट बंद करून भागत नाही, ड्रायव्हर जागाच राहतो. नेट लागतच असेल तर लॅनची केबल ओढा. एवढ्यानेच अर्धी तडतड जाईल, तीही फुकटात.

हार्ड पेजफॉल्ट म्हणजे रॅम संपली आणि विंडोज सॅम्पलचा डेटा डिस्कवरून पुन्हा पुन्हा ओढतंय. म्हणजे रॅम आणि एसएसडी, दोन्ही लागणार.

इथे एक हिशेब सांगतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट खातो, मिनिटाला साधारण ८.६ मेगाबाइट. १४ ट्रॅक एकदम वाजले तरी सेकंदाला २ मेगाबाइट. जुनी हार्ड डिस्कसुद्धा सलग वाचताना १०० च्या वर देते. तेव्हा रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकला डिस्क कमी पडत नाही. ती कमी पडते सॅम्पलला, कारण व्हायोलिनच्या एका सुरासाठी शेकडो बारीक फाइलींतून इकडून-तिकडून वाचावं लागतं, आणि डिस्कची वाचणारी मुंडी हलवण्यातच दर वेळी आठ-दहा मिलिसेकंद जातात. एसएसडीत मुंडीच नाही.

सिल्व्हरमॉलकर

खरेदीचं मी सांगतो.

रॅम: एच८१ ला दोनच स्लॉट आणि कमाल १६ जीबी. ८-८ च्या दोन सारख्या पट्ट्या घ्या, डीडीआर३ १६००, म्हणजे लेबलवर पीसी३-१२८०० किंवा पीसी३एल-१२८००. एल असलेली १.३५ व्होल्टची, एल नसलेली १.५ व्होल्टची, या बोर्डावर दोन्ही चालतात, पण मिसळू नका. जुनी ४ ची पट्टी काढून टाका.

आता महत्त्वाचं. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये घ्या की ऑनलाइन, ८ जीबी डीडीआर३ फारच स्वस्त दिसली तर लेबल नीट वाचा. 'फक्त एएमडी बोर्डासाठी' अशा पट्ट्या मिळतात. त्यांच्या चिपची रचना वेगळी असते, इंटेलचा मेमरी कंट्रोलर ती ओळखत नाही, आणि पीसी नुसता बीप देत बसतो, स्क्रीन काळीच. दिसायला पट्टी अगदी तशीच असते, चिपही तेवढ्याच. त्यामुळे बिलावर 'इंटेल एच८१ वर चालेल, नाहीतर बदलून मिळेल' असं लिहून घ्या. लावल्यावर मेमटेस्ट८६ ची किमान एक पूर्ण फेरी होऊ द्या. वापरलेल्या रॅममधला दोष गाण्याच्या मधेच रीपर बंद पडण्यातून दिसतो आणि मग माणूस प्लगइनवर संशय घेत बसतो.

एसएसडी: अडीच इंची साटा, ५०० जीबी. या बोर्डावर एनव्हीएमईच्या (साटापेक्षा वेगवान एसएसडीच्या) नादाला लागू नका, त्यावरून बूट करायची सोय त्यात मुळात नाही. एच८१ ला चार साटा पोर्ट, त्यातले दोनच ६ गिगाबिटचे, बाकी दोन ३ चे. रंगावर विश्वास ठेवू नका, कंपनीगणिक बदलतात. बोर्डावर शेजारी बारीक अक्षरात छापलेलं असतं ते टॉर्च मारून वाचा. चुकीच्या पोर्टात लावली तर चालेल, पण निम्म्या वेगाने.

हार्ड डिस्क फेकू नका. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिची तब्येत बघा. रीअ‍ॅलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टरचा आकडा शून्य असेल तर बॅकअपला ठेवा. शून्य नसेल तर आजच सगळी गाणी दुसरीकडे उतरवा, बाकीचं मागाहून.

मध्यलय

विंडोज क्लोन करू (जुन्याची जशीच्या तशी नक्कल) की नवं टाकू?

खटपट्या

नवंच टाका. क्लोनझिलाने क्लोन होतं, पण जुन्या ड्रायव्हरांचा गाळ सोबत येतो आणि तुम्हाला तोच तर नकोय.

त्याआधी बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणारी बोर्डाची सेटिंग) साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय आहे ना ते बघा. जुन्या असेंबल्ड पीसीत पुष्कळदा आयडीई ठेवलेला असतो, त्यात एसएसडी रखडते. नव्याने टाकताना आधी बदलला की झालं. आहे ते विंडोज ठेवूनच बदलायचा असेल तर क्रम पाळा: एमएसकॉन्फिगमध्ये बूट टॅबवर सेफ बूटची खूण करा, रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, एएचसीआय करा, विंडोज सेफ मोडमध्ये एकदा उघडू द्या, मग खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. हा क्रम सोडला तर निळी स्क्रीन येते.

विंडोज बसल्यावर:

पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स. त्याच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रोसेसरची किमान पातळी १०० टक्के, आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद. हे शेवटचं राहिलं तर इंटरफेस मधूनच झोपी जातो.

डिफेंडरमध्ये सॅम्पलचा फोल्डर आणि प्रोजेक्टचा फोल्डर वगळा. नाहीतर प्रत्येक सॅम्पल उघडताना तो तपासत बसतो.

ग्राफिक्स कार्ड काढून टाका. ४५७० मध्ये एचडी ४६०० आहे, रीपरला ते भरपूर झालं. कार्डाचा ड्रायव्हर डीपीसीच्या यादीत नेहमी वरती असतो, शिवाय त्याचा पंखा कंडेन्सर माइकमध्ये येतो. जुन्या पीसीची ही एकच अशी सुधारणा आहे की काहीतरी काढून घेतल्याने होते.

इंटरफेस मागच्या पॅनेलवर, थेट बोर्डाच्या पोर्टात. पुढचे पोर्ट लांब वायरीने जोडलेले असतात, हब तर नकोच.

नेमस्त

पेस्टचं कोणीच बोललं नाही. इतक्या वर्षांच्या प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खपली झालेली असते. इंदुरात मे महिन्यात पारा सहज ४० च्या पुढे जातो, आणि रेकॉर्डिंगला पंखा-कूलर बंद ठेवावा लागतो. प्रोसेसर १०० अंशांना पोचला की स्वतःच वेग कमी करतो, आणि नेमकी तेव्हाच तडतड सुरू होते. सकाळी ठीक आणि दुपारी खराब असं होत असेल तर हेच कारण समजा.

करायचं असं: प्लग काढा. कूलरच्या चारही खुंट्या बाणाच्या दिशेने फिरवून उचला. कूलर ओढू नका, किंचित डावं-उजवं हलवून सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कपड्याने पुसा. मधोमध मटारापेक्षा लहान थेंब टाका, बोटाने पसरवू नका. खुंट्या समोरासमोरच्या जोडीने दाबा, प्रत्येकीचा टक असा आवाज यायला हवा. चौथी नीट बसत नसेल तर बोर्ड बाहेर काढून पाठीमागून बघा, पांढरी टोकं चारही पूर्ण बाहेर आलेली दिसली पाहिजेत. एक टोक अर्धवट राहिलं तर पेस्ट कितीही भारी असो, उपयोग नाही.

हात घातलाच आहे तर बायोसचा सीआर२०३२ सेलही बदला. तो संपला की बायोसची सेटिंग पुसली जातात आणि साटा मोड परत जुन्यावर जाऊ शकतो.

आणि एक मतभेद नोंदवतो. रॅम-एसएसडीसोबत सेकंडहँड आय-सेव्हन ४७७० टाकावा. सॉकेट तोच, ८४ वॅट तेवढेच, चार कोर पण आठ थ्रेड. ताफा वाढला की उपयोग होतो.

खटपट्या

नेमस्तकाका, पेस्टबद्दल शंभर टक्के सहमत. आय-सेव्हनबद्दल नाही, निदान आत्ता नाही. आरटी ५५ वर आहे. ज्या ट्रॅकवर आत्ता गातोय त्याची माळ एकाच कोरवर चालणार, तिथे आठ थ्रेडचा फायदा जवळजवळ शून्य. मिक्सिंगला फायदा होतो हे खरं, पण मिक्सिंगला बफर १०२४ ठेवता येतो आणि ट्रॅक फ्रीझ करता येतात, म्हणजे तात्पुरते साध्या आवाजाच्या फाइलीत उतरवता येतात: ट्रॅकवर राइट क्लिक, रेंडर-फ्रीझ, स्टीरिओ. व्हायोलिनचा ताफा फ्रीझ केला की प्रोसेसर आणि रॅम दोन्ही मोकळे, आणि अनफ्रीझ केलं की सगळं जसंच्या तसं.

नेमस्त

फ्रीझ-अनफ्रीझ करत चाल बसवणाऱ्याचं लक्ष तुटतं. ज्याला ताफ्याची रचना वाजवता वाजवता बदलायची आहे त्याला ही कटकट आहे. असो, तो पैसा नंतर घालता येईल. घालायचाच झाला तर ४७७० घ्या. ४७९० वर्षभराने आलेला, त्याला जुन्या एच८१ बोर्डावर बायोस अपडेट करावा लागतो, आणि तो जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करून घ्यायचा. झिऑन ई३-१२३१ व्ही३ स्वस्त दिसेल, पण त्यात ग्राफिक्स नाही. म्हणजे काढलेलं कार्ड परत लावणं आलं.

मध्यलय

रॅम १६ झाली, एसएसडीवर नवीन विंडोज. कार्ड काढलं, पेस्ट केली. पेजफॉल्ट गेले. २५६ ला तडतड नाही. १२८ ला अजून आहे, आणि हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित मागून येतो असं गाणारे म्हणतात. विंडोज १० चं पुढे काय, हाही प्रश्न आहेच.

नेमस्त

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) अधिकृतपणे लागतं, तुमची चौथी आहे. आडवाटेने बसतं, पण पुढच्या मोठ्या अपडेटला अडकू शकतं, आणि गणपतीच्या आठवड्यात ते परवडणार नाही. हा पीसी फक्त रेकॉर्डिंगचा ठेवा, नेट कायमचं बंद. बँक-मेल त्यावर करू नका. फाइली पेनड्राइव्हने न्या-आणा, दुसऱ्या पीसीवर स्कॅन करून.

उबंटू स्टुडिओ हा दुसरा मार्ग. रीपरची लिनक्स आवृत्ती आहे आणि ती चांगली चालते. पण तुमचे सॅम्पल कॉन्टॅक्टचे (सॅम्पल वाजवणारा प्रोग्राम) असतील तर तो लिनक्सवर थेट चालत नाही. त्या एका कारणासाठी विंडोजवर थांबा.

कॉन्टॅक्टवरून आठवलं. सॅम्पल आता एसएसडीवर आहेत, तर त्याच्या मेमरी सेटिंगमध्ये प्रीलोड (प्रत्येक सॅम्पलचा आधीच रॅममध्ये भरून ठेवलेला भाग) ६० किलोबाइटवरून १८ पर्यंत खाली आणा. रॅम बरीच मोकळी होईल. सूर मधेच तुटायला लागले तर एक पायरी वर.

श्रुतिका

आता इंटरफेसवर या. १२८ ची तडतड आणि उशिरा येणारा आवाज, दोन्ही तिथेच आहेत. आसियो-फॉर-ऑल हा विंडोजच्या ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. त्याखाली हार्डवेअरशी थेट बोलणारं काही नाही. स्वतःचा आसियो ड्रायव्हर असलेला २४ बिटांचा दोन माइकचा इंटरफेस घ्या. यूएमसी२०२एचडी किंवा स्कार्लेट २आय२, दोन्हींत ४८ व्होल्ट फँटम (कंडेन्सर माइकला लागणारी वीज) आहे. एका माइकचा घेऊ नका, तबला आणि डग्गा वेगळे घ्यायचे तर दोन लागतात.

उशिराबद्दल: १२८ सॅम्पल म्हणजे ४८ किलोहर्ट्झला २.७ मिलिसेकंद. ते आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा, वर यूएसबी आणि कन्व्हर्टरचे थोडे. एकूण दहाच्या आत राहिलं तर पेटी-तबल्याला अडचण नाही. आवाज हवेतून दहा मिलिसेकंदांत जवळजवळ साडेतीन मीटर जातो, मैफलीत साथीदार तेवढ्या अंतरावर असतोच. गळ्याचं मात्र निराळं. गाणाऱ्याला आपला आवाज हाडांतूनही ऐकू येतो, त्यामुळे पाच मिलिसेकंदांचा फरकही पोकळ वाटतो. म्हणून गळ्यासाठी इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर (आवाज पीसीत न जाता थेट हेडफोनला) चालू करा आणि रीपरमध्ये त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद ठेवा. दोन्ही चालू राहिले तर दुहेरी आवाज येतो.

तबला नंतर भरताना ठेका मागे पडल्यासारखा वाटला तर तबलजीला दोष देण्याआधी एक तपासणी करा. इंटरफेसच्या आउटपुटमधून केबल काढून त्याच्याच इनपुटमध्ये लावा, मॉनिटरिंग बंद ठेवून एका ट्रॅकवरचा क्लिक वाजवा आणि दुसऱ्यावर रेकॉर्ड करा. झूम करून दोन्हींतलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. ड्रायव्हर खरं सांगत असेल तर ते शून्याजवळ येतं. नसेल तर तेवढा आकडा रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये, ऑडिओ-रेकॉर्डिंगखाली, मॅन्युअल ऑफसेट म्हणून घाला. बफर बदलला की परत मोजा.

पातळी सरासरी उणे १८ डेसिबल, टोकं उणे १० च्या आसपास. २४ बिटांत आवाज हळू घेतला तरी खाली खरखर उरत नाही, पण डग्ग्याची एक घुमार शून्याला टेकली की ती दुरुस्त होत नाही. ९६ किलोहर्ट्झचा मोह नको, या पीसीवर सगळा बोजा दुप्पट होईल.

पंचम

धागा छान चाललाय, वाचनखूण साठवली. माझा प्रश्न जवळचाच. जुन्या घरात रेकॉर्ड केलं की खाली सतत घूं असा आवाज. इक्यूने ५० आणि १०० हर्ट्झवर खड्डे मारले (ते स्वर कमी केले) तर जातो. तसंच ठेवावं का? गाणाऱ्यांचा सा काळी एक.

श्रुतिका

काळी एकसाठी तर अजिबात नको. काळी एकचा सा १३८.६ हर्ट्झ. त्याचा मंद्र पंचम जवळजवळ १०४. घूं मधला १०० त्याच्याशी इतका जवळ आहे की तानपुऱ्याच्या पहिल्या तारेबरोबर सेकंदाला चार आंदोलनं ऐकू येतील, तानपुरा बिघडल्यासारखा. आणि १०० वर खड्डा मारलात तर पंचमच खाल. तो मुळातच बंद करायला हवा.

आधी तो कसला आहे ते ऐका. गुळगुळीत घूं म्हणजे बहुधा अर्थचा फेरा: पीसी, स्पीकर, इंटरफेस वेगवेगळ्या सॉकेटमधून घेतलेत. तिन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा आणि स्पीकरला बॅलन्स्ड टीआरएस केबल वापरा. कर्कश भूंऽऽ असेल तर छताच्या पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा स्वस्त एलईडी दिवा शोधा. एकेक बंद करत जा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा अ‍ॅडॉप्टरवर चालत असेल तर रेकॉर्डिंगला बॅटरीवर घ्या.

तिसरी पिन तोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. घूं जाईल, पण बिघाड झाला तर पीसीच्या पत्र्यात करंट उतरेल, आणि गाणाऱ्याच्या ओठाला माइकची जाळी लागलेली असते.

सिल्व्हरमॉलकर

त्यात भर. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटवर मल्टिमीटर लावून घ्या. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. जुन्या घरांत तिसरं भोक असतं पण मागे वायरच नसते, तेव्हा फेज-अर्थला भलताच आकडा येतो. तसं निघालं तर केबल, फिल्टर, डीआय बॉक्स काही घेऊ नका. आधी अर्थिंग. सामान महारानी रोडवर मिळेल, काम मात्र इलेक्ट्रिशियननेच करायचं.

पंचम

मोजून घेतलं. फेज-अर्थ ९० दाखवतोय, न्यूट्रल-अर्थ ११०.

सिल्व्हरमॉलकर

म्हणजे अर्थची वायर जोडलेलीच नाही. पीसीच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, त्या यामुळेच. अर्थिंग होईपर्यंत माइक लावून गाऊ नका. झाल्यावर आधी घूं ऐका, मगच कुठली केबल घ्यायची ते विचारा.